पर्थचा स्टर्लिंग: पुतळा ठेवावा की हलवावा?

स्वानकाठची: भाऊ-वहिनी आलेत, त्यांना शहर दाखवत होते. हे स्ट्रीटवर कॅप्टन जेम्स स्टर्लिंगच्या पुतळ्यापाशी भाच्याने विचारलं, "आत्या, हा कोण?" "ज्याने हे गाव वसवलं तो," असं सांगून मोकळी झाले आणि रात्रभर ते खुपत राहिलं.

ब्रिटिश नौदलातला हा अधिकारी 1829 मध्ये 'पार्मेलिया' जहाजातून इथे आला, पश्चिम ऑस्ट्रेलियाचा पहिला गव्हर्नर झाला. ठीक. पण 28 ऑक्टोबर 1834 ला पंचवीसेक शिपाई, पोलीस आणि वसाहतवाले घेऊन त्यानेच पिंजारा इथे मरे नदीकाठी नूंगार लोकांच्या (इथल्या मूळ रहिवाशांच्या) तळावर हल्ला केला. माणसं नदीत उतरली, तर दोन्ही काठांवरून गोळ्या. सरकारी आकडा पंधरा-वीसच्या घरातला. नूंगार घरांत सांगतात तो कितीतरी मोठा. पुतळा 1979 चा. माझं मत: हलवा.

दर्यावर्दी: ताई, आपण ज्या घराचे हप्ते फेडतो ते त्याच्याच वसाहतीत आहे. पुतळा हलवला की आपले हात धुतले जाणार का? स्टर्लिंग हायवे आहे, स्टर्लिंग डोंगररांग आहे. कुठे कुठे खोडणार? आणि आपण काल आलेले, यात नाक कशाला खुपसायचं?

स्वानकाठची: कर भरतो, मत देतो, मग नाक आपलंच आहे. त्याला 1,00,000 एकर जमीन मिळाली ती कोणाची होती?

राणीबागवाला: मुंबईत 1965 मध्ये सातव्या एडवर्डला घोड्यासकट राणीच्या बागेत नेऊन ठेवला. चौकाचं नाव काळा घोडाच राहिलं. कोणी इतिहास विसरलं का?

नुसता_वाचक: 2020 मध्ये स्टर्लिंगच्या मानेला आणि हातांना लाल रंग फासला, तेव्हा केवढा आरडाओरडा! हेरिसन बेटावर यागनचा पुतळा आहे, नूंगार योद्ध्याचा. वसाहतवाल्यांनी त्याला मारल्यावर इंग्लंडला नेलेलं त्याचं खरं शिर 1997 मध्ये परत आणलं, त्याच आठवड्यात कोणीतरी पुतळ्याचं मुंडकं कापून नेलं. नवीन बसवलं, तेही त्याच वर्षी कापलं. पुतळे जपा म्हणणारे तेव्हा कुठे होते?

दर्यावर्दी: यागनला 1833 मध्ये मारलं तेव्हा स्टर्लिंग इंग्लंडात होता. ते त्याच्या खात्यावर मांडू नका.

स्वानकाठची: मान्य. पण पिंजाऱ्याला तो स्वतः हजर होता.

दर्यावर्दी: ते कोण नाकारतंय? म्हणून तर म्हणतो, पुतळा राहू द्या, पायाशी पिंजाऱ्याची पाटी लावा. राणीच्या बागेत ढकललेला एडवर्ड मी लहानपणी पाहिलाय; त्याच्याकडे ढुंकूनही कोणी बघत नसे.

स्वानकाठची: पाटीवर काय लिहायचं? 'लढाई' की 'हत्याकांड'?

दर्यावर्दी: इथेच घोडं पेंड खातं. स्टर्लिंगच्या तुकडीतला कॅप्टन एलिसही त्यात गेला. म्हणजे भाले चाललेच ना?

स्वानकाठची: चालले. तळावर बायकापोरंही होती.