अनुभव धागा : अंगठा चोखायची सवय कशी सुटली?

घरात तीन-चार वर्षांचं लेकरू अंगठा चोखत असलं की ज्याला त्याला सल्ला सुचतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या आईबापांनी, आजी-आजोबांनी खरोखर काय केलं, ते इथे लिहावं. फसलेलंही लिहा. सुरुवात मी करते.

माझी मुलगी चार वर्षांची झाली तेव्हा तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. ते तिला म्हणाले, "मागचे दात घट्ट आवळ बरं." तिने आवळले, तरी पुढच्या फटीतून जिभेचं टोक दिसत होतं. पोटातलं बाळसुद्धा अंगठा चोखतं, सोनोग्राफीत ते दिसतं, असं त्यांनी सांगितलं. बहुतेक मुलं दोन ते चार वर्षांच्या दरम्यान आपोआप सोडतात. साधारण सहाव्या वर्षी कायमचे दात यायला लागतात, त्याआधी सवय गेली तर अशी फट बऱ्याचदा आपली आपण भरून येते. हे सगळं ते तिच्याशीच बोलले, आणि ती मोठ्या माणसासारखं ऐकत होती.

मग मी फक्त बघत राहिले, अंगठा तोंडात केव्हा जातो ते. टीव्हीसमोर आणि झोपताना. टीव्हीच्या वेळेला तिच्यापुढे तुरीच्या शेंगा सोलायला ठेवायला लागले. रात्री जुन्या लुगड्याच्या गोधडीचा काठ तिच्या मुठीत द्यायचे आणि ती झोपेपर्यंत पाठीवरून हात फिरवायचे. चोखला नाही त्या रात्रीची टिकली सकाळी ती स्वतः कॅलेंडरवर लावायची. मध्ये ताप आला तेव्हा सगळं परत सुरू झालं. मी काहीच बोलले नाही. बरी झाल्यावर टिकल्या पुन्हा लागल्या.

शिरपूरची आजी : आमचा नातू पुण्याचा, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला येतो. निंबाला झोका बांधलेला असतो. झोक्यावर दोन्ही हातांनी दोर धरावाच लागतो. "दोर घट धरजो रे दादा" एवढंच मी म्हणायची. दिवसभर पोरांमध्ये त्याला अंगठ्याची आठवण व्हायची नाही, रात्री तेवढी व्हायची. सुनेला मी सांगितलं, बाई, दिवसाचं सुटलं ना, रात्रीचंही सुटेल. पुढच्या आखाजीला आला तेव्हा सुटलेलं होतं.

चोपड्याचा बाबा : एकच कळकळीची विनंती, मिरची लावू नका. लग्नघरी कुणीतरी मुलाच्या अंगठ्याला ठेच्याचा हात लावला. त्याने तोच हात डोळ्याला चोळला. नळाखाली डोळा धुताना त्याचं जे रडणं होतं ते अजून कानात आहे. सवय तर गेलीच नाही. उलट तो पांघरुणात तोंड लपवून चोखायला लागला.

शहादा : मेडिकलमध्ये मिळणारं कडू नेलपॉलिश मोठीला उपयोगी पडलं, कारण सहा वर्षांच्या त्या मुलीला स्वतःलाच सोडायचं होतं. धाकटा कडू चाटून संपवायचा आणि पुढे चालू.

साक्रीकडची अंगणवाडी सेविका : हातवाऱ्यांची गाणी चालू असली की एकाचाही अंगठा तोंडात नसतो. गाणं संपून नुसतं बसवलं की लगेच जातो. कापूस वेचणीच्या दिवसांत आया पहाटेच शेतात जातात, तेव्हा प्रमाण वाढतं. घरात नवं बाळ आलं की सुटलेली सवयही परत येते. अशा पोराला आधी जवळ घ्यावं. "अंगठाचोख्या" असं नाव पाडणाऱ्या मोठ्यांना मी तिथल्या तिथे थांबवते. अंगठ्याचं कातडं फाटलं, नखाच्या कडेला सूज किंवा पू दिसला, तर घरी लेप लावत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

भुसावळची आई : आमचं उशिरापर्यंत चाललं, मुलगा आठ वर्षांचा होता. वरचे दात पुढे आले होते. डॉक्टरांनी वरच्या दातांच्या मागे, टाळूजवळ तारेची जाळी बसवली. अंगठा टाळूला टेकत नाही, त्यामुळे चोखण्यातली गंमत जाते. सुरुवातीला बोलणं बोबडं झालं, भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागली. काही महिन्यांत सवय मोडली. दात सरळ करायला मात्र पुढे वेगळ्या तारा लागणार आहेत. जाळी बसवण्याआधी ती त्याच्या हातात देऊन डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं, म्हणून त्याने ती शिक्षा मानली नाही.

अमळनेर : माझी दीड वर्षाची आहे. सासूबाई म्हणतात, आत्ताच हाताला फडकं बांध, नाहीतर दात पुढे येतील. काय करू?

ताई, दीड वर्षाच्या बाळाला चोखू द्या. फडकं बांधू नका, घट्ट बसलं तर बोटांचं रक्त अडतं. नखं कापा, खेळून आली की हात धुवा. सासूबाईंना दवाखान्यात सोबत न्या, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांचीही काळजी कमी होईल. चार वर्षांची झाल्यावरही चालू असलं तर दात दाखवून घ्या.