परवाना संपला तेव्हा... (तुमचेही अनुभव येऊ द्या)

जास्वंद
काल थंडीचे कपडे माळ्यावरून काढले. जुन्या जॅकेटच्या आतल्या खिशात घडी घातलेला हिरवट कागद हाताला लागला. फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग! जर्मनीत दिवस काढलेल्यांना नुसत्या नावानेच धडकी भरेल. बाकीच्यांसाठी: तुमचं राहण्याचं कार्ड संपलंय, नवं अजून आलेलं नाही, तोवर तुम्ही इथे कायदेशीर आहात असं धरून चालू, असं लिहून देणारा कागद. 'धरून चालू' हे मी पदरचं घातलेलं नाही, नावातच फिक्शन आहे.

२०१८ सालची गोष्ट. माझं कार्ड ऑक्टोबरात संपणार होतं आणि डिसेंबरात कराडला भावाचं लग्न. मी शहाण्यासारखी सप्टेंबरातच फॉरेनर्स ऑफिसला मेल टाकली. उलट टपाली यांत्रिक आभार आले, मग टेर्मीन, म्हणजे भेटीची वेळ, मिळाली ती थेट नोव्हेंबरातली. गेले. काउंटरवरच्या बाईंनी १३ युरो घेतले, कागद दिला. आत एकाखाली एक तीन चौकटी. बाईंनी दुसऱ्या चौकटीत पेनाने फुली मारली.

आता मला सांगा, आपल्याकडे फुली म्हणजे काय? चूक! प्राथमिक शाळेपासून बरोबरला टिक आणि चुकीला फुली. मी मनात म्हटलं, दुसरं कलम आपल्याला लागू नाही, खोडलंय. छान. घरी येऊन तिकीट काढलं, भावाला फोन केला, साडीचा रंग ठरवला.

आठवड्याने ऑफिसच्या किचनमध्ये एका तुर्की सहकाऱ्याला सहज कागद दाखवला. त्याचं बालपण अशाच कागदांत गेलेलं. कॉफी खाली ठेवून म्हणाला, तिकीट काढलंस का? मग समजावलं. जर्मन माणूस फुली मारतो म्हणजे 'हो' म्हणतो. तिसऱ्या चौकटीत फुली असेल तर जुना परवाना चालू आहे असं मानतात, देशाबाहेर जाऊन परत येता येतं. दुसरीत असेल तर गेलीस की बाहेरच.

मुदत संपायच्या आधी अर्ज केला की तिसरी चौकट मिळायला हवी. माझी मेल आधीचीच होती, पण मी ती छापून नेली नव्हती आणि बाईंना ती दिसली नव्हती. पुन्हा मेल, पुन्हा वाट. दुरुस्ती झाली हो, एका मिनिटात झाली. फक्त लग्न बुधवारी होतं आणि मला वेळ मिळाली गुरुवारची.

लग्न व्हिडिओ कॉलवर बघितलं. फोन धरलेल्या मावसबहिणीला अक्षता टाकायला हात मोकळा हवा होता, तिने फोन पर्समध्ये टाकला. त्यामुळे 'शुभमंगल सावधान' मी रुमाल, किल्ल्या आणि अर्ध्या खाल्लेल्या श्रीखंडाच्या गोळीच्या सहवासात ऐकलं.

येऊ द्या तुमचेही.

खडीसाखर
पर्स 😂😂 वहिनीला माहितीये का हे?

गावठी_लसूण
म्हणजे जर्मन सरकार तुमच्याशी फुली-गोळा खेळलं आणि जिंकलं.

रेतीतला_माणूस
दुबई. २०२३. तेव्हाच्या कंपनीत व्हिसाची कामं बघणारा पीआरओ सुट्टीवर गावी गेला आणि तिकडेच रमला. आम्हाला वाटलं काम चालू आहे. सवलतीचे दिवस संपले आणि मीटर पडलं. माणशी रोज ५० दिरहम. बायको आणि दोन पोरांचे व्हिसे माझ्या व्हिसाला टांगलेले, म्हणजे चार माणसं, रोजचे २००. सकाळी दात घासताना पहिला विचार, आज परत २०० गेले. पोरगी पिझ्झा मागायची तर मी म्हणायचो, बाळा आपण इथे श्वास घेतोय तोच पिझ्झ्याच्या भावात.
मग रक्त तपासणी आणि छातीचा एक्स-रे. रांगेत माझ्यापुढे उभा असलेला केरळी काका म्हणाला, सत्तावीस वर्षांत माझ्या छातीचे इतके फोटो निघाले, तेवढे चेहऱ्याचेही नाहीत.
दंड शेवटी कंपनीने भरला, पण दोन महिने भांडून. पीआरओने गावी रिसॉर्ट काढलंय असं ऐकतो.

मोगरा७१
बापरे. जास्वंद, फार वाईट वाटलं गं. माझ्याकडे पण मोठ्ठा किस्सा आहे, कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की येते.

निशिकासाईकर
फुलीवरून आठवलं. जपानमध्ये मुदतवाढीचा अर्ज दिला की झाइर्यू कार्डाच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या कार्डाच्या, मागे शिक्का मारून देतात, अर्ज चालू आहे असा. तारीख उलटली तरी निकाल लागेपर्यंत, जास्तीत जास्त दोन महिने, राहता येतं. टेन्शन तसं नसतं. निकाल तयार झाला की घरी पोस्टकार्ड येतं आणि त्यावरचा पत्ता अर्जाच्या वेळी आपणच लिहायचा असतो.
मी मराठी माध्यमवाला. खोली नंबर १०३ लिहिताना हाताच्या सवयीने एक आपला मराठी काढला, वाटोळा शेपटीवाला. तो त्यांना नऊ दिसला. ९०३. आमची बिल्डिंग चार मजली! पोस्टकार्ड परत गेलं. मी रोज पेटी उघडून बघतोय, पिझ्झ्याच्या जाहिराती आणि वीजबिल. दोन महिने भरायला आठ दिवस राहिले तेव्हा घाबरून शिनागावाच्या इमिग्रेशन ऑफिसात स्वतःच जाऊन उभा राहिलो. काउंटरवरच्या मुलीने माझं परत आलेलं पोस्टकार्ड ट्रेमधून काढून दाखवलं आणि त्या एकाकडे बोट दाखवून अतिशय नम्रपणे विचारलं, हा अंक कुठला? काय सांगणार. खालच्या दुकानातून चार हजार येनचं तिकीट आणलं, चिकटवलं, नवं कार्ड घेऊन बाहेर. आता फी वाढलीये म्हणे.

खडीसाखर
@निशिकासाईकर, माझ्या सासऱ्यांचा मराठी ५ अमेरिकेतल्या बँकेने चेकवर वाचलाच नाही. लोक याला अक्षर म्हणतात, आम्ही चित्र म्हणतो.

कोकणचा_कावळा
अमेरिकावाल्यांनी हे नीट वाचा, विनोद नाही. एच-वनचा कागद तीन वर्षांचा मंजूर होता, मी निवांत. पण भारतातून परत येताना माझा पासपोर्ट वर्षभरातच संपणार होता, म्हणून विमानतळावरच्या अधिकाऱ्याने आय-९४, म्हणजे देशात कधीपर्यंत राहता येईल त्याची नोंद, पासपोर्टच्या तारखेपर्यंतच दिला. हल्ली तो कागद हातात देत नाहीत, ऑनलाइन असतो, त्यामुळे बघतो कोण! मी नवा पासपोर्ट काढला आणि सगळं मिटलं असं समजलो. तर लायसन्स रिन्यू करायला गेलो तेव्हा खिडकीवरचा माणूस म्हणाला, तीन आठवड्यांचंच देऊ शकतो. का? तर आय-९४ तीन आठवड्यांनी संपतोय.
त्या रात्री झोप नाही. वकिलाच्या सल्ल्याने देशाबाहेर जाऊन नव्या पासपोर्टवर परत यावं लागलं. ऑफिसला सांगितलं सहलीला चाललोय. कसली सहल, हॉटेलच्या खोलीत बसून कागद क्रमाने लावत होतो.
तात्पर्य नको, एकच सांगतो. उतरलात की बॅगा उघडायच्या आधी आय-९४ उघडा.

जास्वंद
@कोकणचा_कावळा, हे माझ्या नणंदेला आत्ता पाठवलं. तिचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतोय!

पोलेंटा_पिठलं
इटली. इथे राहण्याच्या परवान्यासाठी पोस्टातून पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं जाड पाकीट आणायचं, भरायचं, १६ युरोचं 'मार्का दा बोल्लो' तिकीट लावायचं, परत पोस्टात द्यायचं. पावती मिळते. ही पावती म्हणजे आपला जीव. मी ती देवघरात अन्नपूर्णेखाली ठेवते, नवऱ्याला सापडू नये म्हणून. बोटांचे ठसे वगैरे झालं की मग वाट. मुदत संपायच्या साठ दिवस आधी पुढचा अर्ज करा म्हणतात. एकदा माझं कार्ड हातात आलं तेव्हा त्याचे चाळीस दिवस उरले होते. तशीच पोस्टात गेले, नवं पाकीट मागितलं. पोस्टातली बाई ओळखीची झालीये, ती म्हणाली, तू परत? मी म्हटलं, मी परत नाही, मी अजूनच.

गावठी_लसूण
मी परत नाही, मी अजूनच 👌 ऑफिसात मोठ्याने हसलो.

आजीचा_बटवा
मी पुण्यात असते, लेक इंग्लंडला. त्याच्या कार्डावर तारीख ३१ डिसेंबर २०२४. मला नोव्हेंबरात फोटो पाठवला होता तेव्हा दिसली. मी रोज फोन, अरे संपतंय, अरे कर काहीतरी. तो म्हणे आई व्हिसा २०२६ पर्यंत आहे, कार्डंच बंद होणार आहेत, सगळं ऑनलाइन होतंय. मी म्हटलं मला शिकवू नकोस, छापलेलं खोटं कसं असेल. दत्ताला नारळ बोलले. खरंच बहुतेकांच्या कार्डांवर तीच तारीख होती म्हणे. नारळ फोडलाच. तुम्हा मुलांचे अनुभव वाचून पोटात गोळा येतो. जपून राहा.

बाबूराव_बर्लिनवाले
जास्वंद, जॅकेटात सापडला म्हणजे परत दिला नव्हता? नवं कार्ड घेताना माझा तर काढून घेतला होता.

जास्वंद
माझा दुसरा काढून घेतला. हा पहिला, चुकीच्या फुलीचा. बाई विसरल्या, मीही बोलले नाही.

सुपारी
उलटा अनुभव चालेल ना? आमची वहिनी पोलंडची, सासर सांगली. भावाचं लग्न झालं तेव्हा तिचा एंट्री व्हिसा होता, दर वेळी मुदतवाढ. मुंबईत वेगळं ऑफिस असतं, इथे जिल्ह्याचे एसपी हेच परदेशी लोकांचे नोंदणी अधिकारी. अर्ज ऑनलाइन झाला तरी घरी पडताळणीला हवालदार आले. दारात रांगोळी काढत बसलेल्या बाईलाच विचारलं, इथे ती फॉरेनर कुठे राहते? वहिनीने मान वर न करता सांगितलं, "आत बसा, हात धुऊन येते." चहा झाला, पोहे झाले. शेजारच्या काकूंचा जबाब: "वर्षभर बघतेय, मुलगी गुणाची आहे, फक्त आमटीत गूळ घालत नाही." लिहून घेतलं की नाही माहीत नाही. लग्नाच्या नोंदणीला दोन वर्षं झाल्यावर ओसीआयचा, म्हणजे भारतात कायम राहायची मुभा देणाऱ्या कार्डाचा, अर्ज केला, तेव्हा कुठे सुटली. आता गूळ घालते.

खडीसाखर
आमटीत गूळ हा नागरिकत्वाचा पुरावा धरायला हवा.

रेतीतला_माणूस
आम्ही नागपूरचे नाही धरणार बरं का. आम्हाला तिखट पुरावा लागतो.

बाबूराव_बर्लिनवाले
फोटोबद्दल कोणी बोललंच नाही. पस्तीस बाय पंचेचाळीस मिलिमीटर, हसायचं नाही. बायकोला मशीन सारखं नाकारत होतं. शेवटी लक्षात आलं, बाई पुण्यातल्या फोटोवाल्याने शिकवल्यासारखी मान किंचित तिरकी ठेवत होत्या. आता तर छापील फोटोही चालत नाही, डिजिटलच लागतो.

पोलेंटा_पिठलं
माझ्या कार्डावर मी खून करून आल्यासारखी दिसते.

निशिकासाईकर
मोगरा७१ ताई, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?

मोगरा७१
आले आले. डाळ उतू गेली, ओटा पुसत होते. किस्सा उद्या लिहीन, यांना डबा द्यायचाय. तोवर कोणीतरी सांगा, जर्मनीत भाकरीचं ज्वारीचं पीठ कुठे मिळतं? मुलगी पुढच्या महिन्यात जातेय, मी पाच किलो बांधून देणार होते, हे म्हणतात बॅगेत कागदपत्रांना जागा ठेव.

जास्वंद
अगं एशियन नाहीतर आफ्रिकन दुकानात बघायला सांग, पुड्यावर सोर्गम लिहिलेलं असतं. थोडं जाडसर असतं, उकड काढून थाप. आणि तिला म्हणावं, टेर्मीनची मेल छापून ने.