प्रामाणिक चुकीतून एखाद्याचा जीव गेला, तर मारणाऱ्याला गुन्हेगार ठरवावे का?

प्रश्न

रात्रीच्या अंधारात घरात कुणीतरी वावरत असल्याची चाहूल लागते. घरातला माणूस हाताला लागेल ते हत्यार उचलून वार करतो आणि दिवा लावल्यावर त्याला दिसते की समोर पडलेला मनुष्य चोर नसून न कळवता परत आलेला त्याचा सख्खा भाऊ आहे. त्याने वैरापोटी काही केलेले नाही आणि तो खोटेही बोलत नाही. त्याला जे वाटले ते खरे असते, तर त्याच्या बाजूने स्वसंरक्षणाचा हक्क उभा राहिला असता. ज्याच्या मनात पाप नव्हते अशा माणसाला तुरुंगात धाडणे मला क्रूरपणाचे वाटते. पण "माझी चूक झाली" एवढ्या एका वाक्याने गेलेल्या जिवाचा हिशेब मिटावा, हेही मला पटत नाही. चूक प्रामाणिक होती एवढे पुरे मानावे, की ती वाजवीही असली पाहिजे?

पहिले उत्तर

आधी चुकांचे प्रकार वेगळे करावे लागतील. एकाला मारायचे ठरवून अंधारात दुसऱ्यालाच मारणाऱ्याची चूकही प्रामाणिकच असते, पण तिचा त्याला काडीचाही उपयोग होत नाही, कारण माणूस मारण्याचा त्याचा हेतू जसाच्या तसा असतो. हे कृत्य गुन्हा आहे हे ठाऊकच नव्हते, ही सबबही चालत नाही. उरतात ते दोन प्रकार: समोर जनावर आहे असे समजून मारणे आणि समोर हल्लेखोर आहे असे समजून मारणे. पहिल्यात माणसाला मारण्याचा हेतूच नसतो. दुसऱ्यात तो पुरेपूर असतो, फक्त त्यामागचे कारण खोटे निघते. आपले उदाहरण या दुसऱ्या प्रकारातले आहे आणि खरा वादही तिथेच आहे.

भारतीय दंड संहितेचे कलम ७९, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १७ म्हणून लागू आहे, ते वस्तुस्थितीविषयीच्या चुकीमुळे आपले कृत्य कायद्याला धरून आहे असे सद्भावपूर्वक मानणाऱ्याला संरक्षण देते. सगळी मेख "सद्भावपूर्वक" या शब्दात आहे. रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ मनात कपट नसणे एवढाच होतो. कायद्याच्या व्याख्येनुसार मात्र योग्य ती सावधगिरी आणि लक्ष न देता केलेली किंवा मानलेली कोणतीही गोष्ट सद्भावपूर्वक ठरत नाही. म्हणजे या कायद्याला नुसता प्रामाणिकपणा पुरत नाही, आणि मला ही भूमिका योग्य वाटते. ज्याच्या हातात दुसऱ्याचा जीव आहे, त्याने "कोण आहे?" एवढे विचारण्याची तसदी घेतली होती का, हे विचारण्याचा समाजाला हक्क आहे.

दुसरे उत्तर

वरील व्याख्या बरोबर आहे, परंतु सावधगिरी कोणाच्या मापाने मोजायची, हा प्रश्न तिच्यामुळे सुटत नाही. ओडिशा उच्च न्यायालयाचा १९६० चा निकाल मला या बाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. ओसाड पडलेल्या एका विमानतळावर भुते आहेत अशी त्या भागात समजूत होती. रात्री तिथे लुकलुकणारा उजेड दिसला, तेव्हा बाहेरून आलेल्या एका नोकराने भुते समजून खुकरीचे वार केले. प्रत्यक्षात त्या कंदील घेऊन मोहाची फुले वेचायला आलेल्या आदिवासी स्त्रिया होत्या. त्यांतील एक मृत्युमुखी पडली आणि इतर जखमी झाल्या. त्याच्याजवळ टॉर्च होता आणि त्याने तो नीट रोखून पाहिले असते तर चूक कळली असती, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. तरीही त्याची परिस्थिती, त्याचे शिक्षण आणि मनात घट्ट बसलेली भीती लक्षात घेऊन न्यायालयाने कलम ७९ खाली त्याची निर्दोष मुक्तता कायम ठेवली.

मला हा निकाल पटतो. शिक्षा ही दोषासाठी असते, आणि माणसाचा दोष त्याला जे दिसले, जे भासले, त्यावरूनच ठरवता येतो. शांत खोलीत बसून, सगळे उलगडल्यानंतर, एखाद्याला "तू हे ओळखायला हवे होतेस" असे सांगणे सोपे आहे. इंग्लंडमधील कायदा याहून पुढे गेला आहे. तेथे १९८३ च्या ग्लॅडस्टन विल्यम्स खटल्यापासून असे मानले जाते की स्वसंरक्षणात समजूत खरोखर मनात होती एवढे पुरे, ती वाजवी असलीच पाहिजे असे नाही. २००८ मध्ये हे तत्त्व कायद्यात लिहिले गेले. मात्र स्वतःहून केलेल्या नशेतून झालेल्या चुकीचा आधार घेता येत नाही, हा अपवाद त्यात आहे.

प्रश्नकर्त्याचे म्हणणे

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. परंतु टॉर्चचा तो उल्लेख वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे. टॉर्च लावून पाहायला किती वेळ लागला असता? भीती खरी होती हे मी मानतो. तरी त्या स्त्रीच्या घरच्यांना निर्दोष मुक्ततेचा अर्थ काय सांगायचा?

तिसरे उत्तर

ही अस्वस्थता मला योग्य वाटते, आणि म्हणूनच "खुनी" आणि "निर्दोष" या दोनच खणांत सगळी माणसे कोंबणे मला मान्य नाही. कॅलिफोर्नियात प्रामाणिक पण अवाजवी समजुतीने स्वसंरक्षणार्थ मारणारा खुनी ठरत नाही, पण सुटतही नाही. त्याला सदोष मनुष्यवधासाठी जबाबदार धरले जाते. प्रामाणिकपणाने खुनाचा कलंक पुसावा आणि हयगयीची जबाबदारी तेवढी उरावी, हे मला न्यायाच्या सर्वांत जवळचे वाटते.

एक गोष्ट मात्र वरच्या दोन्ही उत्तरांतून निसटली आहे. चूक करणारा नेहमी घाबरलेला एकटा माणूस नसतो. २२ जुलै २००५ रोजी लंडनच्या स्टॉकवेल स्थानकात पोलिसांनी आत्मघातकी हल्लेखोर समजून एका निरपराध ब्राझिलियन तरुणाला गोळ्या घातल्या. गोळ्या झाडणाऱ्यांपैकी कोणावरही खटला चालवला गेला नाही. २००७ मध्ये पोलीस दल दोषी ठरले ते कामाच्या ठिकाणच्या आरोग्य व सुरक्षेच्या कायद्याखाली, आणि त्याला १,७५,००० पौंड दंड झाला. कोणावरही खटला न चालवण्याच्या मुद्द्यावर २०१६ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १३ विरुद्ध ४ मतांनी ब्रिटनच्या बाजूने निकाल दिला. ट्रिगर ओढणाऱ्याची समजूत कदाचित प्रामाणिक असेलही. पण ती त्याच्या मनात कोणी, कोणत्या माहितीवर आणि किती घाईने भरली, हे कोणा एकाच्या मनात डोकावून कळत नाही. ज्यांना शस्त्र, प्रशिक्षण आणि अधिकार दिलेला आहे त्यांच्याकडून सावधगिरीचे माप अधिक कडक असावे. अंधारात दचकून उठलेल्या माणसाला मी काही क्षणांची सवलत देईन, तीच सवलत संस्थेला देणार नाही.

प्रश्नकर्त्याचे म्हणणे

हा भेद माझ्या लक्षात आला नव्हता. माझ्या उदाहरणातील वार करणाऱ्या माणसाला मी खुनी म्हणणार नाही, एवढे आता नक्की झाले आहे. त्याने वार करण्याआधी हाक मारली होती का, हे मात्र मी त्याला विचारीन, आणि त्याने "नाही" म्हटले तर पुढचे उत्तर न्यायालयात द्यावे असे मी त्याला सांगेन.