कोथरूड ते हिंजवडी रोज सायकलने : मार्ग कोणता घ्यावा आणि कार्यालयात सोय कशी करावी?

वनाजकर :

नमस्कार. मी कोथरूडमध्ये वनाज कोपऱ्याजवळ राहतो. कार्यालय हिंजवडीच्या दुसऱ्या टप्प्यात असून चांदणी चौकातून गेल्यास एका बाजूचे अंतर सुमारे १८ किलोमीटर भरते. माझे वय ४३ आहे. गेली दोन वर्षे मी कंपनीच्या बसने जातो. पण संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडण्यातच अनेकदा पाऊण तास मोडतो आणि घरी पोहोचेपर्यंत मुलीशी चार शब्द बोलायचेही त्राण उरत नाही. रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत सायकल चालवण्याची सवय असल्याने अंतराची धास्ती वाटत नाही. सायकल गिअरची हायब्रिड आहे, टायर ३५ मिलिमीटर रुंदीचे आहेत.

धास्ती वाटते ती रस्त्याची. मागच्या सुट्टीच्या दिवशी जाऊन पाहिले, तेव्हा चांदणी चौकात चुकीच्या उतारावर वळलो आणि थेट महामार्गाच्या वाहतुकीत उतरलो. शेजारून ट्रक जात होते, सायकल कठड्याला टेकवून मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. सुरक्षित मार्ग कोणता, आणि दीड तास घाम गाळून पोहोचल्यावर कामाला लायक अवस्थेत कसे यावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

टेकडीपल्याड :

मी कर्वेनगरहून हिंजवडीला सहा वर्षे सायकलने जात आहे. तुमच्या प्रश्नाचे मूळ वेताळ टेकडीत आहे. कोथरूड टेकडीच्या एका अंगाला आणि पाषाण दुसऱ्या अंगाला. मधून सायकल नेण्याजोगा रस्ता नाही, त्यामुळे वळसा घालावाच लागतो, पश्चिमेकडून चांदणी चौकमार्गे किंवा पूर्वेकडून सेनापती बापट रस्त्याने. नकाशा पाहणारा प्रत्येक जण जवळचा म्हणून पहिला मार्ग निवडतो. मीही तोच निवडला होता.

चांदणी चौकातील जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाडला आणि २०२३ मध्ये नवे पूल व रस्ते खुले झाले. मोटारींची कोंडी त्यामुळे कमी झाली, हे खरे. परंतु वाहनांचा वेग वाढला आणि सायकलस्वाराला ज्या ठिकाणी एका मार्गिकेतून दुसरीत शिरावे लागते, तिथे मागून येणाऱ्याला थांबायला अवधीच मिळत नाही. त्यातच पौड रस्त्याचा चढ चढून आपण दमलेले असतो. म्हणून मी तो मार्ग सोडला.

माझा सल्ला असा की नळ स्टॉप, विधी महाविद्यालय रस्ता, सेनापती बापट रस्ता आणि विद्यापीठ चौकातून पाषाण रस्ता धरावा. अंतर तीन-चार किलोमीटरने वाढते, पण राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेपासून पुढे रस्ता रुंद आहे, झाडांची सावली आहे आणि सकाळी सातच्या आत गेलात तर मन शांत ठेवून सायकल चालवता येते. पाषाणहून सुतारवाडी, बाणेर-पाषाण लिंक रस्ता, बाणेर आणि म्हाळुंगेमार्गे मुळेचा पूल ओलांडून हिंजवडीत शिरावे. बाणेर रस्त्यावर मेट्रोच्या कामामुळे रस्त्याची रुंदी जागोजागी बदलत आली आहे, तेव्हा तिथला जेवढा भाग टाळता येईल तेवढा टाळावा.

एक गोष्ट विशेष सांगतो. काँक्रीटचा रस्ता आणि कडेचे पेव्हर ब्लॉक यांच्यामध्ये बोटभर रुंदीची फट असते. पूर्वी माझे टायर २५ मिलिमीटरचे होते. एका बसला वाट देण्यासाठी कडेला सरकलो, पुढचे चाक त्या फटीत अडकले आणि मी खांद्यावर पडलो. तुमचे टायर रुंद आहेत, हे उत्तम. तरीही कडेला चिकटून चालवू नका, कडेपासून हात-दीड हात आत राहा.

सुतारवाडीहून :

मी सुतारवाडीतून जाते, त्यामुळे माझे अंतर तुमच्यापेक्षा बरेच कमी आहे. पण घामाचा प्रश्न दहा किलोमीटरलाही तोच असतो. पोहोचल्याबरोबर अंघोळ करू नका. शरीर तापलेले असताना अंगावर पाणी घेतले तरी कोरडे होताच पुन्हा घाम फुटतो, म्हणून आधी पंधरा मिनिटे पंख्याखाली शांत बसावे. आमच्या कार्यालयात न्हाणीघर नाही. ओल्या पंचाने अंग पुसून कोरडे कपडे घातले की पुरते, हे माझ्या तीन वर्षांच्या अनुभवावरून खात्रीने सांगते. आठवड्याचे कपडे सोमवारी बसने नेऊन खणात ठेवावेत आणि शुक्रवारी परत आणावेत. पाठीवरची सॅक मात्र बंद करा. कॅरिअरला अडकवायची पिशवी घेतल्यावर माझी पाठ कोरडी राहू लागली.

सायकल कुठे ठेवणार, हे आधी ठरवा. आमच्या इमारतीत सुरुवातीला पहारेकऱ्यांनी वाहनतळात सायकल घेऊ दिली नाही. मी व्यवस्थापनाला लेखी अर्ज केला, तेव्हा महिनाभराने तळघरात जागा मिळाली. अर्जावर आणखी चार जणांच्या सह्या असल्या तर काम लवकर होते.

आणि रोज जाण्याचा संकल्प पहिल्याच आठवड्यात करू नका. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो; म्हाळुंगेच्या बाजूला काही ठिकाणी दिवे अपुरे आहेत, तिथून मी अंधारात येत नाही. ज्या दिवशी उशीर होणार असतो, त्या दिवशी बसच घेते.

पंपआणिपाना :

पावसाळ्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. जूनच्या आधी दोन्ही चाकांना पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवून घ्या. पावसातल्या चिखलात बारीक रेती असते, ती ब्रेकच्या पॅडमध्ये रुतते आणि उन्हाळ्यात कित्येक महिने टिकणारे पॅड काही आठवड्यांत संपतात. पॅड दर रविवारी पाहा. चेन पुसून, पावसाळ्यासाठी मिळणारे घट्ट तेल थोडेसेच लावा. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो. तेवढी हवा ओल्या रस्त्यावर भरू नये, थोडी कमी ठेवल्यास पकड चांगली मिळते. मेट्रोच्या कामाजवळ रस्त्यावर टाकलेल्या लोखंडी पट्ट्या, चेंबरची झाकणे आणि पांढरे रंगवलेले पट्टे यांवर ओल्यात ब्रेकही दाबू नका आणि वळूही नका. पाणी साचलेले दिसले तर खाली खड्डा आहे असेच समजावे.

पंक्चर काढत बसण्यापेक्षा जवळ जादा ट्यूब ठेवा. घरी दोन-तीनदा चाक काढून ट्यूब बदलण्याचा सराव केलात, तर रस्त्यावर दहा मिनिटांत काम होते.

वनाजकर :

सर्वांचे मनापासून आभार. काल सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी निघालो आणि पाषाण रस्त्यानेच गेलो. अंतर २१ किलोमीटर भरले, एक तास वीस मिनिटे लागली. त्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या चढानंतर पाणी प्यायला थांबलो, ती पाच मिनिटेही आली. महामार्ग फक्त एकदा, तोही खालून ओलांडावा लागला. येताना बाणेरला गर्दी होती, तरी बसला लागतो त्यापेक्षा वीस मिनिटे आधी घरी पोहोचलो आणि मुलगी अजून अभ्यासाला बसायची होती.

सध्या मंगळवार आणि गुरुवार ठरवले आहेत. वाहनतळाच्या अर्जावर तीन सह्या झाल्या आहेत, चौथी उद्या मिळेल.