पुण्याहून बंगळुरूला जाताना स्थलांतराचा खर्च नव्या कंपनीकडे कसा मागावा?

प्रश्न

मला बंगळुरूच्या एका कंपनीचे ऑफर लेटर आले असून ते स्वीकारण्यासाठी आठवडाभराची मुदत आहे. पगार मनासारखा आहे, परंतु पत्रात स्थलांतराच्या खर्चाचा उल्लेख नाही. एचआरला फोनवर विचारले तेव्हा 50,000 रुपये एकरकमी देता येतील, असे तोंडी सांगण्यात आले. पत्नी, पाच वर्षांची मुलगी, टू-बीएचकेचे सामान आणि एक मोटार असा आमचा पसारा आहे. एवढ्यात भागणार नाही हे दिसते आहे, मात्र जास्त मागितले तर ऑफरच मागे घेतील की काय, अशी धास्ती वाटते. हा विषय कसा काढावा?

पहिले उत्तर

मी अनेक वर्षे मनुष्यबळ विभागात काम करतो. तुमची निवड करण्यात कंपनीचा बराच वेळ गेलेला असतो, त्यामुळे सभ्य शब्दांत आणि आकड्यांसह केलेल्या मागणीवरून ऑफर मागे घेण्याचे सहसा कोणी मनात आणत नाही. फार तर नकार मिळेल. मात्र होकार कळवण्याआधी आणि जुन्या नोकरीचा राजीनामा देण्याआधीच हे बोला, कारण नंतर तुमच्या हातात काही उरत नाही.

‘थोडे वाढवून द्या’ असे मोघम सांगू नका. दोन-तीन पॅकर्स-मूव्हर्सना घरी बोलावून, सामान दाखवून, जीएसटी आणि वाटेतला विमा धरून लेखी अंदाजपत्रके घ्या. त्यांत कुटुंबाचा प्रवास, घर मिळेपर्यंतचे पंधरा दिवसांचे वास्तव्य आणि दलाली मिळवा. बंगळुरूत घरमालक पाच ते दहा महिन्यांचे भाडे अनामत मागतात. ती रक्कम परत मिळणारी असल्याने खर्चात धरू नका. तिच्यासाठी बिनव्याजी आगाऊ रक्कम मागा, जी पगारातून हप्त्याने वळती करून घेता येईल. अशी मागणी मान्य करणे कंपनीला भत्ता वाढवण्यापेक्षा सोपे जाते.

दुसरे उत्तर

वरील सल्ल्यात करांचा मुद्दा राहिला. नोकरीत असताना कंपनीने बदली केली, तर सामान हलवण्यावर प्रत्यक्ष झालेल्या खर्चाइतका भत्ता करमुक्त धरला जातो. परंतु नव्याने रुजू होणाऱ्याला दिलेली एकरकमी रक्कम बहुतेक कंपन्या पगारात मिळवून तिच्यावर टीडीएस कापतात. तुम्ही 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर उपकर धरून 50,000 पैकी 34,400 रुपयेच हाती येतील. म्हणून आकडा करापूर्वीचा आहे की नंतरचा, हे आधी विचारा आणि मूव्हर्सचे बिल कंपनी परस्पर भागवू शकेल का, तेही पाहा.

वसुलीची अट त्याहून महत्त्वाची आहे. वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास पूर्ण रक्कम परत करावी लागेल, असे कलम बहुधा असते. ते केवळ स्वतःहून राजीनामा दिल्यास लागू व्हावे, कंपनीने काढून टाकल्यास लागू होऊ नये. वसुली उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात आणि हाती आलेल्या रकमेपुरतीच असावी, हे शब्द पत्रात घालून घ्या. कापला गेलेला कर स्वतःच्या खिशातून परत करण्याची पाळी आलेले लोक मी पाहिले आहेत, आणि ते मला सरळ अन्यायाचे वाटते.

तिसरे उत्तर

मोटारीचा खर्च विसरू नका. गाडी दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांहून अधिक काळ ठेवायची असेल, तर तेथे पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यासाठी पुण्याच्या आरटीओकडून ना-हरकत प्रमाणपत्र लागते, कर्ज असेल तर बँकेचेही लागते. कर्नाटकचा आजीवन रस्ता कर देशातील चढ्या दरांपैकी आहे. गाडीची किंमत आणि वय पाहून तो ठरतो आणि कधीकधी सामान हलवण्याच्या खर्चालाही मागे टाकतो. महाराष्ट्रात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो, परंतु नवा कर आधी भरावा लागतो. गाडीला बीएच (भारत) मालिकेचा, म्हणजे देशभर चालणारा क्रमांक असेल, तर पुनर्नोंदणीचा प्रश्न येत नाही. नसेल, तर ही बाब अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवा, कारण एचआरच्या ठरावीक यादीत ती क्वचितच असते.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. अंदाजपत्रके सोमवारपर्यंत हाती येतील. त्यानंतर एचआरशी फोनवर बोलून त्याच दिवशी ठरलेले मुद्दे ईमेलने कळवीन आणि सुधारित ऑफर लेटर आल्यावरच राजीनामा देईन.