थंडीआधीची बाग : काय जमलं, काय फसलं?

वाफ्यांवर पानांचा खच पडलाय आणि मी कात्री घेऊन उभी आहे. गेल्या वर्षी याच दिवसांत गुलाब मस्त छाटले. नंतर आठवडाभर ऊन पडलं, तांबूस कोवळा फुटवा आला, आणि पहिल्याच दहिवरात (गोठलेल्या दवात) काळा पडून लोंबला. आता फक्त वाळक्या, रोगट काड्या काढणार. मोठी छाटणी थंडी सरताना, डोळे फुगू लागले की. तुमचेही अनुभव लिहा. फजितीचे आधी!

*

फजितीच हवी तर घ्या. मातीची मोठी कुंडी भरपूर पाणी घालून बाहेर उघड्यावर ठेवली. पाण्याचा बर्फ झाला की ते 9 टक्क्यांच्या आसपास फुगतं, हे शाळेत पाठ केलं होतं. सकाळी कुंडीची एक बाजू पापुद्र्यासारखी सुटून पडली होती आणि मातीचा गोळा मुळांसकट तसाच उभा! आता कुंड्या विटांवर उचलून भिंतीलगत सरकवतो, म्हणजे खालून निचरा होतो. पाण्याचा पाइपही रिकामा करून गुंडाळतो.

*

ट्यूलिपला साधारण 12 ते 16 आठवडे गारठा मिळाला तरच नीट फुलतो, म्हणून कंद आताच जमिनीत, स्वतःच्या उंचीच्या तिप्पट खोल. डेलियाचं नेमकं उलट. दहिवराने पानं काळी पडली की कंद उकरायचे, माती झटकायची, सुकवायचे आणि कोरड्या भुशात ठेवायचे. मी एवढं सगळं केलं, नावाच्या चिठ्ठ्या तेवढ्या लावल्या नाहीत. पुढच्या मोसमात पांढऱ्यांच्या रांगेत भडक लाल डेलिया.

*

पानं सगळी झाडून टाकू नका हो! त्यांच्याखाली ढालकिडे (लेडीबर्ड) थंडी काढतात, आणि पुढे झाडांवरची मावा कीड तेच खातात. गुलाबाची काळ्या ठिपक्यांची पानं मात्र उचलाच, रोग त्यांच्यात टिकून राहतो. बाकीची ओलसर करून भोकं पाडलेल्या पोत्यात भरा आणि विसरून जा. वर्ष-दोन वर्षांनी हात घातला तर काळी, भुसभुशीत पानमाती, जंगलासारखा वास. आच्छादन घालताना खोडाभोवती चार बोटं जागा सोडा. मी थेट खोडाला भिडवलं आणि बुंधा कुजवला.

*

माझी बाग खिडकीतच. थंडीत झाडं फार पाणी पीत नाहीत हे कळायला तीन रोपं गेली. आता बोट दोन पेरं मातीत खुपसते. ओल लागली तर झारी परत जागेवर.

*

लसूण कोणीच लिहिला नाही? पाकळ्या सुट्या करून, टोक वर ठेवून, दोन इंच खोल लावल्या. वर पेंढा. मध्यंतरी काहीच दिसेना, तेव्हा न राहवून एक उकरली. खाली पांढऱ्या मुळांचा झुपका! गुपचूप परत पुरली. नंतर सगळ्यात उशिरा तीच उगवली.