लष्कर, नौदल, एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) तालुक्यात आल्यावर आदेश कोणाचा? मागणीपत्रात काय लिहायचं?

खाडीपट्टा (प्रश्न)

तालुक्याचा पावसाळी आपत्ती आराखडा नव्याने लिहायला घेतलाय. जुन्यात ‘गरजेनुसार सैन्यदलांची मदत घेण्यात येईल’ एवढं एक वाक्य आणि खाली फोन नंबर. तालुका खाडीकाठचा, पाठीशी घाट. महामार्गावर एकीकडे दरड आणि दुसरीकडे पाणी असलं की बाहेरून मदत यायची ती हवेतून किंवा समुद्रातून. पथकं आली की त्यांना काम कोण सांगणार? प्रांत, तहसीलदार की त्यांचेच अधिकारी? मागणीपत्रात काय असावं? आणि पहिल्या काही तासांत गाडं कुठे अडतं? ‘समन्वय ठेवावा’ याच्या पुढचं हवं आहे. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

टिपणवही

आधी आदेशाचं. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने (एनडीएमए) २०१० मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांतही जिल्ह्याची जबाबदारी त्यांचीच, आणि खाली इन्सिडेंट कमांडर (घटनास्थळाचा प्रमुख) म्हणून बहुधा प्रांत किंवा तहसीलदार. कोणत्या वाडीत आधी जायचं, माणसं कुठे हलवायची, हे कमांडर ठरवतो. पण जवानाला हुकूम त्याचा स्वतःचा अधिकारीच देतो. तहसीलदारांनी सुभेदाराला ‘ही बोट तिकडे न्या’ असं परस्पर सांगायचं नाही, काम पथकप्रमुखाला सांगायचं. ते कसं करायचं हे त्याच्यावर सोडा. ओढ फार आहे, अंधारात बोट घालणार नाही असं तो म्हणाला तर तिथे हुज्जत घालू नये.

मागणीपत्रात सर्रास होणारी चूक म्हणजे ‘दोन कॉलम (सैन्याच्या तुकड्या) व चार बोटी पाठवाव्यात’. माणसं आणि सामग्री किती लागेल ते सैन्य ठरवतं. तुम्ही काम लिहा. अमुक गावच्या तीन वाड्या, अंदाजे दोनशे माणसं, त्यात अंथरुणाला खिळलेले सहा, गरोदर दोन, पाणी छातीपर्यंत, ओढ जोराची, रस्ता अमुक पुलापर्यंत चालू. हे वाचून पलीकडचा अधिकारी बरोबर सामान चढवतो. नुसत्या बोटी मागितल्यात तर बोटीच येतील, आणि शेजारच्या वाडीत दरडीखाली घरं असतील तर काँक्रीट कापायची यंत्रं मागेच राहिलेली असतील. त्याच पत्रात संपर्क अधिकाऱ्याचं नाव आणि दोन नंबर, पथकाने कुठे पोचायचं, वाटाड्या कोण, राहायची सोय कुठे, मदत साधारण किती दिवस लागेल, हेही द्या.

मागणीचा रस्ता असा : जिल्हाधिकाऱ्यांकडून मंत्रालयातल्या राज्य नियंत्रण कक्षाकडे (१०७०), तिथून पुढे सैन्यदल किंवा एनडीआरएफ. जीव धोक्यात असेल तर जवळच्या युनिटला थेट फोन करता येतो, लेखी मागणी मागाहून. पण ‘मागाहून’ म्हणजे त्याच तासात ई-मेल, वेळेच्या नोंदीसह. समुद्रात कोणी अडकलं असेल तर या वाटेने जाऊच नका. समुद्रातला शोध-बचाव हे तटरक्षक दलाचं स्वतःचं काम आहे, १५५४ वर थेट कळवा. आणि जमाव पांगवायला सैन्य बोलावणं हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतला वेगळा विषय. त्याचा नमुना पुरासाठी वापरलेला दिसतो, तसं करू नये.

एनडीआरएफ गृह मंत्रालयाखाली आहे, सैन्यात मोडत नाही. आपल्याकडे येणारी पाचवी बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला, म्हणजे कोणताही घाट धरला तरी दरडीची भीती. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं त्याच दिवशी महाड तालुक्यात तळीयेची दरड कोसळली. एकाच पावसात मागणी दोन जिल्ह्यांतून आणि वाटा बंद. म्हणून अतिवृष्टीचा इशारा आला की पथक घाट उतरून खाली आणून ठेवण्याची मागणी त्याच दिवशी करावी. पाणी चढायची वाट बघू नये.

कातळसडा

वरचं सगळं पटलं. हवाई बाजूचं सांगतो.

अक्षांश-रेखांश कोणत्या पद्धतीत देताय हे लिहिल्याशिवाय देऊ नका. मोबाईलच्या नकाशात चिपळूण साधारण १७.५३, ७३.५१ दिसतं. वैमानिक अंश आणि मिनिटं वापरतो. तिथे ते १७ अंश ३१.८ मिनिटं, ७३ अंश ३०.६ मिनिटं होतं. फोनवर कोणी ‘सतरा त्रेपन्न, त्र्याहत्तर एकावन्न’ सांगितलं आणि ऐकणाऱ्याने ती मिनिटं धरली, तर जागा पन्नासेक किलोमीटर सरकते आणि सह्याद्री ओलांडून वाईच्या बाजूला जाते. उपाय सोपा आहे. दशांशाच्या पुढच्या भागाला ६० ने गुणा, दोन्ही रूपं लिहा, आणि सोबत ठळक खूण द्या : नदीचं वळण, पूल, मोबाईल टॉवर.

वाडीच्या नावावर तर अजिबात विसंबू नका. खालचीवाडी, मधलीवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला प्रत्येक गावात आहेत. गट नंबर महसूलला कळतो, बोटीवरच्या जवानाला नाही. एप्रिल-मेमध्येच ग्रामसेवक आणि तलाठ्यांकडून प्रत्येक वाडीचा बिंदू घेऊन तक्ता करा : गाव, वाडी, अक्षांश-रेखांश, घरं, पोचायची पायवाट. या तक्त्याची छापील प्रत हवी. लाईट आणि नेटवर्क गेल्यावर शेअर केलेली फाईल उघडत नाही.

उतरण्याची जागा : एमआय-१७ या मोठ्या हेलिकॉप्टरच्या पंख्याचाच व्यास २१ मीटर, लहान ध्रुवचा १३. मोठ्या हेलिकॉप्टरसाठी निदान ५० बाय ५० मीटर मोकळी, सपाट, टणक जागा धरा, आणि वाऱ्याच्या तोंडाला झाडं-तारा नकोत. कोकणात याला कातळाचा सडा (उंचावरचं सपाट खडकाळ माळरान) उत्तम. उंचावर, कठीण, धूळ नाही. मात्र सड्यावरून वीजवाहिन्या जातात आणि वरून तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. तेव्हा नकाशावर वाहिनीची दिशा दाखवा. शाळेचं मैदान टाळा, कारण शेजारच्या वर्गांत निवारा केंद्र असतं आणि पोरं धावत येतात. शंभर मीटरच्या आत सुटे पत्रे, ताडपत्री, प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतील तर उचला. खाली येणारा वारा पत्रा उडवतो आणि तो पंख्यात गेला तर सगळं संपलं. दोर धरून गर्दी अडवायला आठ-दहा माणसं लागतात, होमगार्ड मिळाले तर उत्तम.

एक मात्र आराखड्यात ठळक लिहा : ढग सड्यावर टेकलेले असताना हेलिकॉप्टर येणार नाही. आणि पूर नेमका तेव्हाच येतो. पहिली वेळ बोटींचीच.

खाडीपट्टा

फार उपयोगी. बोटींवरून विचारतो, मच्छीमारांच्या होड्या हिशेबात धरल्या तर चालेल का? यादी आमच्याकडे आहे.

बंदरकाठ

यादी कोणत्या महिन्यातली ते आधी बघा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. यांत्रिक नौका किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात आणि बाहेरगावचे खलाशी घरी गेलेले. मार्चची यादी जुलैत फसते ती यामुळे. बंदीतही पाण्यात असतात त्या खाडीतल्या लहान होड्या, आणि पुराला त्याच कामाच्या. त्यांची वेगळी यादी करा : मालक, इंजिन कुठे ठेवलंय, चालवणारा कोण, टेंपोत चढवायला किती माणसं. कायद्याच्या कलम ६५ खाली त्या ताब्यात घेता येतात, ६६ खाली मोबदला द्यावा लागतो. दर आधी ठरवून ठेवलात तर त्या दिवशी घासाघीस होत नाही.

नौदल आणि एनडीआरएफ रबरी बोटी आणतात. बाजारपेठेत त्यांचा घात करतात त्या पाण्याखालच्या गोष्टी : कंपाउंडच्या भिंतीवरचे भाले, दुकानांचे लोखंडी बोर्ड, बुडालेल्या गाड्या. बोटीच्या पंख्यात साड्या, जाळी, प्लॅस्टिक अडकून इंजिन बंद पडतं. म्हणून प्रत्येक बोटीत त्या आळीचा एक माणूस हवाच, जॅकेट घालून. गटार कुठे, भिंत कुठे संपते, हे त्यालाच ठाऊक.

इंधनाचा हिशेब फार कमी ठिकाणी केलेला असतो. ४० अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक इंजिन पूर्ण वेगाने तासाला १५ लिटरच्या पुढे पितं. ५० ला १ मिश्रण असेल तर २० लिटर पेट्रोलला ४०० मिली ऑईल. नेमकं प्रमाण पथकाला विचारा, काही इंजिनांत ऑईलची टाकी वेगळी असते. पेट्रोल पंप पाण्याखाली गेला तर तिथलं पेट्रोल घेऊ नका. त्यात इथेनॉल असतं, पाणी शिरलं की ते पाण्यासकट तळाला बसतं आणि इंजिन ऐन धारेत बंद पडतं. पूररेषेच्या वरचा एक पंप आधी निवडा, तहसीलदारांच्या सहीचं राखीव साठ्याचं पत्र त्याला द्या.

भरती-ओहोटीचा तक्ता तालुक्याच्या नियंत्रण कक्षाच्या भिंतीवर हवा. भरतीला पाणी तुंबून चढतं पण ओढ मंदावते, ओहोटी लागली की तेच पाणी खाडीकडे जोरात खेचतं. धरणाच्या विसर्गाची वेळही त्याच तक्त्यावर लिहा आणि पथकप्रमुखाला दोन्ही एकत्र दाखवा. वरून पाणी सोडलंय हे बोटीतल्या माणसांना शेवटी कळावं, हे अक्षम्य आहे.

टिपणवही

दोन गोष्टी राहिल्या. पोलिसांचा वायरलेस आणि सैन्याचे संच एकमेकांशी बोलत नाहीत. प्रत्येक पथकासोबत पोलिसांचा एक माणूस हातातल्या संचासह द्या, आणि पथकाचा एक माणूस तुमच्या कक्षात बसवून घ्या. समुद्राकडच्या बाजूला मरीन व्हीएचएफ (नौकांवरचा रेडिओ) याचं चॅनल १६ नौका आणि तटरक्षक दोघांनाही सामाईक आहे, पण डोंगराआड पोचत नाही.

दुसरं, हद्द. २०१६ मध्ये महाडचा सावित्री पूल पडला तेव्हा शोध खाडीच्या मुखापर्यंत न्यावा लागला, आणि बाणकोट खाडी ही रायगड-रत्नागिरीची सीमा. तुमच्या खाडीच्या पलीकडे दुसरा जिल्हा असेल तर त्या कक्षाचा नंबर आणि पलीकडचे धक्के आताच आराखड्यात घाला.

पथकं परतताना काम संपल्याचं लेखी द्या, तारीख आणि वेळेसह. कोणती बोट किती तास चालली, हेलिकॉप्टरच्या फेऱ्या किती, इंधन कोणाचं, याची नोंदवही पहिल्या दिवसापासून एकाच लिपिकाकडे ठेवा. खर्चाची बिलं राज्याकडे यायला बराच काळ जातो आणि पडताळणीला तेव्हा तीच वही लागते.